चिकटलेले फोटो

परवा दुपारी तीनच्या उन्हात कोल्हापुरात महाद्वार रोडला गेले होते, म्हटलं एक अल्बम घेऊन टाकू, दहा मिनिटांचं काम. चांगला तासभर मोडला.

झालं असं की आईनं कपाट आवरायला काढलं आणि पेढ्याच्या दोन डब्यांतून सगळे सुटे फोटो माझ्या ओटीत ओतले. "तुला फार हौस ना, घे, लाव." मोबाईलमध्ये हजारो फोटो पडलेत त्यांचं मला काही वाटत नाही, पण हे हातात आले की बसायलाच होतं. आणि मला एक खोड आहे, मी फोटो आधी पालथा करून बघते. मागं आईचं अक्षर असतं. आई बॉलपेननं लिहायची, तेही असं दाबून की बँकेचा फॉर्म भरतीय. त्यामुळं 'रंकाळा, दिवाळी ८९, बंडू रडतोय' हे फोटोच्या पुढच्या बाजूनं उलटं उमटलंय. फोटो जरा तिरका धरला की रंकाळ्यावरच्या आभाळात 'रडतोय' दिसतं.

तर दुकानात. मी म्हटलं, ॲसिड-फ्री कागदाचा, म्हणजे फोटो खराब न करणारा, अल्बम आहे का. दुकानदार दादांनी माझ्याकडं नीट बघितलं. "ॲसिड पलीकडच्या गल्लीत मिळंल ओ ताई, फरशी पुसायचं ना?"

मग तीन प्रकार काउंटरवर आले. एक कप्प्यांचा, चार बाय सहाचे फोटो सरकवायचे, पूर्वी छत्तीसचा रोल धुवायला दिला की लॅबवाले असलाच एक मऊ अल्बम फुकट द्यायचे. दुसरा काळ्या कागदाचा, त्याला कोपरे चिकटवून त्यात फोटो अडकवायचा, मधे बटर पेपर. आणि तिसरा तो चिकट पानांचा. त्याच्यावरचं प्लॅस्टिक दादांनी दाखवायला म्हणून उचललं, चर्रर्र आवाज आला, आणि मी सरळ मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात जाऊन बसले.

चिकट अल्बम म्हणजे पप्पांचं खातं. रविवारी जेवणं झाली की सतरंजी टाकायची, पंखा बंद (फोटो उडतात), आणि प्लॅस्टिक सोलायचा मान फक्त त्यांचा. आम्ही पोरं कडेनं हात मागं बांधून. ते एका कोपऱ्यातून प्लॅस्टिक असं काही उचलायचे की जणू भाजलेल्या पापडाची कड मोडायचीय, मग फोटो ठेवायचा, लांबून बघायचा, परत उचलायचा, आणि एकदा का प्लॅस्टिक बसवून वरून रुमाल फिरवला की संपलं, आता ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही असं म्हणायचे. अभिमानानं म्हणायचे. एका पानावर प्लॅस्टिकखाली कुणाचा तरी लांब केस अडकलाय, तो पस्तीस वर्षं तिथंच आहे. आज्जीचा म्हणते मी, आई म्हणते तुझाच.

तेव्हा कुणाला माहीत होतं की त्या पानांवरचा गोंदच फोटो खातो. पानं पिवळी पडली, गोंदाच्या रेघा फोटोच्या पाठीवर तपकिरी उमटल्या, आणि ते प्लॅस्टिक पीव्हीसीचं असलं की तेही हळूहळू फोटोला धरतं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून सिनेमे काढले त्या गावात फोटो लावायला एक धड अल्बम मिळू नये, असं मी दादांना ऐकवलं. ते म्हणाले, "करिझ्मा करून घ्या की मग, कशाला चिकटवत बसताय." करिझ्मा, म्हणजे जाड पानांवरच फोटो छापलेला तो अल्बम, आहे आमच्याकडं एक, भावाच्या लग्नाचा. तो उघडायला दोन माणसं लागतात, म्हणून कोणी उघडत नाही.

खरं तर माझा राग गोंदावर नाही. म्हणजे आहे, पण तो नंतरचा.

२०१९ च्या ऑगस्टमधे पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ ची. आत्तीचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला, पाणी छातीपर्यंत होतं आणि अल्बम लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तेव्हा ते अल्बम म्हणजे विटा झाल्या होत्या. काळ्या कागदावरचे जुने ब्लॅक अँड व्हाईट बरेचसे सुटे झाले होते, ते ओले असतानाच बादलीतल्या स्वच्छ पाण्यात धुवून आम्ही दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले, परकराशेजारी आत्तीचे सासरे. रंगीत मात्र गेले. कडेनं नुसते पिवळे-गुलाबी ओघळ राहिले, मधे काही नाही. शेजारच्यांनी तर गठ्ठाच उन्हात ठेवला, तो तसाच वाळून एक झाला.

तिच्या यजमानांचा, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, एकही रंगीत फोटो राहिला नाही. मामा २००६ लाच गेलेले. मग आई आमचा चिकट अल्बम घेऊन बसली, म्हणाली वन्संना ह्यातले देऊया. तेव्हा त्यातच असलेल्या त्या रंकाळ्याच्या फोटोत मामा मागं उभे होते. आईनं प्लॅस्टिक ओढलं आणि मामांचा चेहरा प्लॅस्टिकबरोबर वर आला. फोटोवर पांढरा डाग राहिला, बोटभर.

आई काहीच बोलली नाही. आत्तीच म्हणाली, "असू दे वहिनी, तुमच्याकडं होता न्हवं एवढी वर्सं, बास की."

तर मी काळ्या कागदाचा घेतला. बारा बाय बाराचा, स्क्रूवाला, पानं वाढवता येतात. कोपऱ्यांची चार पाकिटं. दादांनी बिल करताना बजावलं, "कोपऱ्यातनं फोटो निघतात बरं का ताई, पोरं काढून नेतात." म्हटलं, चालतंय की. नेऊ देत.

चिकट अल्बममधून फोटो सोडवायला दात साफ करायचा तो धागा चांगला, फोटोखालनं करवतीसारखा हळूहळू ओढायचा. शिवणाचा दोरा तुटतो, मी दोन रिळं वाया घालवली. एका दुपारी पाच फोटो निघाले, मान धरली. पेन्सिलीनं मागं लिहायचं असं ठरवलंय, बघू.

पहिल्या पानावर तोच लावलाय, रंकाळ्याचा. बंडू रडतोय, मी कॅमेऱ्याकडं सोडून सगळीकडं बघतीय, लांब शालिनी पॅलेस, आणि मामा, म्हणजे मानेपासून खालचे मामा, हातात कापडी पिशवी. रविवारी आत्ती आली होती, तिला दाखवावा की नाही ह्यात मी दोन चहा केले. शेवटी तिनंच अल्बम ओढून घेतला. चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाशी धरला आणि बोटानं पिशवी दाखवली.

"ह्यात जयसिंगपूरचं भडंग हुतं. घरी न्यायला घेतल्यालं. तुमी पोरांनी तितंच फस्त केलासा."