ढोलकी खरी आहे का, असे तुम्ही विचारलेत म्हणून

माझ्याकडे ध्वनिमुद्रित झालेले गाणे ऐकून झाले, की सांगली-मिरजेकडची माणसे गाणाऱ्याबद्दल काही विचारायच्या आधी ‘ढोलकी खरी आहे का?’ असे विचारतात. ‘संगणकातली आहे’ असे मी म्हटले, की लगेच दुसरा प्रश्न येतो. ‘आपल्याकडे एवढे वादक असताना हा उद्योग कशाला?’ हे मला लग्नात विचारले गेले आहे, बँकेच्या रांगेत विचारले गेले आहे आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही. आजवर मी हसून विषय बदलत आले. आता एकदा सविस्तर लिहिते, कारण अलीकडे विचारणाऱ्यांच्या स्वरात कुतूहल कमी आणि आरोप जास्त असतो. मी वादकांच्या पोटावर पाय आणते, असा तो आरोप आहे.

आधी भांडणाचा भाग उरकून घेते. ज्या ऑर्केस्ट्राला तुम्ही वन्स मोअर देता, त्यातला ऑक्टोपॅड म्हणजे काय असतो? रोलंड कंपनीने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड काढला तेव्हा त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. त्यावर काठी पडली की तो मिडीच्या, म्हणजे वाद्ययंत्रांनी एकमेकांना सूचना द्यायच्या भाषेच्या, तारेतून दुसऱ्या यंत्राला निरोप धाडायचा आणि आवाज ते यंत्र काढायचे. पुढच्या पॅडमध्ये आवाज आतच साठवलेले आले, एवढाच फरक पडला. म्हणजे रंगमंचावर ऐकू येणारा ढोल, ताशा, हलगी हे सगळे साठवलेलेच असतात. पण समोर घामाघूम झालेला माणूस दिसतो म्हणून ते खरे ठरतात आणि माझ्या खोलीतला माणूस तुम्हाला दिसत नाही म्हणून माझे खोटे ठरतात. शेजारच्या मिरजेचे तर विचारूच नका. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा मलाही अभिमान आहे, पण त्याच मिरजेत रियाजाला बसताना मोबाइलमधला तानपुरा लावणाऱ्या मुलांना कोणी खोटे म्हणत नाही. तानपुऱ्याला सूट आणि ढोलकीला नाही, यामागचा न्याय मला अजून कोणी समजावून सांगितलेला नाही.

अर्थात ऑक्टोपॅडचा हा मुद्दा मी जेवढ्या तावातावाने मांडते तेवढा तो भक्कम नाही, हे मला ठाऊक आहे. पॅडवर काठी मारणारा माणूस गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो, आणि माझा माऊस कोणाकडेच बघत नाही.

जागेचे आणि पैशाचे थोडक्यात सांगते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या फ्लॅटच्या भिंतीपलीकडे दहावीचा मुलगा अभ्यास करत असतो. तिथे ड्रमसेट मांडून त्याला सात-आठ माइक लावायचे म्हटले, तर सोसायटीची सभा दुसऱ्याच दिवशी भरेल. माझ्याकडे येतात ती भजनी मंडळे, शाळांची स्नेहसंमेलने, आणि स्वतःच्या कवितांना चाली लावलेले निवृत्त गुरुजी. त्यांच्या गाण्यांत माझ्या संगणकाने कोणा वादकाची जागा घेतली असे तुम्ही समजता. तो संगणक नसता तर ती गाणी नुसत्या पेटीवर झाली असती, किंवा झालीच नसती.

आणि संगणकातली ढोलकी म्हणजे बटन दाबले की वाजते, असेही कृपा करून समजू नका. ही सगळी व्यवस्था आपल्या संगीतासाठी कोणी मांडलेलीच नाही. १९९१ साली जनरल मिडी हे, कोणत्या क्रमांकावर कोणता आवाज ते सांगणारे, मानक ठरले, त्यात दहावे चॅनेल तालवाद्यांना दिले गेले आणि ३५ पासून ८१ पर्यंतच्या क्रमांकांवर सत्तेचाळीस आवाज बसवले गेले. त्यात बोंगो आहे, कोंगा आहे, ब्राझीलची क्युइकासुद्धा आहे. तबला नाही आणि ढोलकी तर नाहीच. तयार ड्रम-ट्रॅक विकत घेतले तरी त्यांचा सारा जीव पहिल्या मात्रेवरच्या किकमध्ये, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्यात, असतो. आता सात मात्रांचा रूपक ताल घ्या. ‘तीं तीं ना धी ना धी ना’ म्हणताना समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ ही बिनजोराची जागा येते आणि तबल्याचा डग्गा तिथे मुद्दाम गप्प बसतो. त्या जागी किक ठोकणारा ट्रॅक लावला, तर सात मात्रा बरोबर मोजल्या जातात आणि रूपक मरतो. मग ‘ह्यूमनाइझ’ नावाची एक सोय असते, ती प्रत्येक ठोका काही मिलिसेकंद इकडेतिकडे हलवते. माझ्या ओळखीचा एकही वादक असा इकडेतिकडे हलत नाही. तो झुकतो, आणि त्याचे झुकणे ठरलेले असते. अंतऱ्यावरून मुखड्याला येताना किंचित पुढे, शब्द जड असतील तिथे किंचित मागे. मिनिटाला नव्वद मात्रांच्या लयीत एक मात्रा सुमारे ६६७ मिलिसेकंदांची होते आणि माझ्याकडच्या रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे ९६० भाग पडतात. त्यातला कोणता बोल किती भाग मागे ओढायचा आणि त्याचा जोर १ ते १२७ मध्ये कुठे ठेवायचा, हे मी हाताने ठरवते.

शिवाय मी गाणारीला मेट्रोनोमच्या ठरलेल्या टिकटिकीवर गायला लावत नाही. ती आधी तानपुऱ्यावर तिच्या लयीने गाते. भजन असेल तर ती चौऱ्याऐंशीला सुरू होऊन गजरापर्यंत पंचाण्णवच्या पुढे जाते. तिच्या मागून मी लयीचा नकाशा आखते आणि मग ढोलकी त्या नकाशावर चालवते. यात दिवस जातात. वादक हेच काम एका बैठकीत करतो, हेही खरे. मग मला यातले काय आवडते, असे विचाराल तर प्रामाणिकपणे सांगते: रात्री दोन वाजता एखादा ठेका बदलावासा वाटला, तर कोणाची समजूत घालावी लागत नाही.

आता मामांचे सांगते, कारण माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते त्यांच्या नावावर आहे. नाव मात्र लिहिणार नाही. तासगावकडच्या एका गावचे आहेत आणि सगळे त्यांना मामाच म्हणतात. तरुणपणी तमाशाच्या फडात आणि पुढे ऑर्केस्ट्रात वाजवलेले. २०२० मध्ये जत्रा बंद, मांडव बंद, लग्ने पन्नास माणसांत, अशी अवस्था होती. मी त्यांना फोन केला आणि म्हटले, तुमच्या ढोलकीचा एकेक बोल मी मुद्रित करून ठेवते, त्याचे तुम्ही सांगाल ते पैसे देते. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात मी स्वतःहून भर घातली. हे इथे लिहिणे शोभत नाही, तरी लिहिते, कारण आरोप पैशांचा आहे.

मामा आले. मी खिडकीला वाकळ लावली होती, गादी भिंतीला उभी केली होती, पंखा आणि फ्रीज बंद केला होता. ढोलकीच्या दोन्ही पुड्यांसमोर, म्हणजे तोंडांवरच्या कातड्यांसमोर, एकेक माइक. त्यांनी ढोलकी काळी चार या सुराला चढवली, हातातली अंगठी काढून खिशात टाकली आणि विचारले, “काय वाजवू?” मी सांगितले, फक्त ‘ना’. सर्वांत हळू, मग थोडा मोठा, अशा सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर चारदा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आवाज पूर्ण विझेपर्यंत थांबायचे. चारदा कशासाठी, तर तोच एक नमुना पुन्हा पुन्हा वाजला की कानाला कळते आणि मशीनगन चालल्यासारखे होते. म्हणून सॉफ्टवेअर आळीपाळीने वेगवेगळे नमुने उचलते.

“ह्यो ना कुठल्या तालातला?” मामांनी विचारले.

“कुठल्याच नाही, मामा. सुटा.”

त्यांनी वाजवले. मोठे ठोके छान आले. हळू ठोके मात्र कधी हळू यायचे, कधी मध्यम, आणि ज्या माणसाने आयुष्यभर गर्दीत कुजबुजत वाजवले त्याला रिकाम्या खोलीत एक हळू ‘ना’ जमेना. “मागचा बोल असल्याबिगर ह्यो हळू का मोठा, मला कसं कळायचं?” ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. मनातल्या मनात ठेका म्हणायचा आणि आपला ‘ना’ येईल तिथेच हात टाकायचा. लगेच नमुने जमू लागले. फक्त ‘मनातल्या मनात’ हे त्यांचे म्हणणे होते. माइक जवळ होता आणि हळू ठोक्यांसाठी मी आवाज वाढवून ठेवला होता. त्या ठोक्यांच्या विझत जाणाऱ्या शेपटीत मामांचे ओठ ऐकू येतात. ते आवाज साफ करायचे तर शेपूट कापावी लागते, आणि शेपूट कापली की ढोलकी डबा वाटते. मी शेपट्या ठेवल्या आहेत.

‘ना’ झाला, चाट झाली, बंद थाप झाली. मग डाव्या पुडीचा घुमारा आला. तळहाताची टाच पुडीवर दाबत सरकवायची आणि आवाज खालून वर न्यायचा, ज्यावर लोक शिट्या मारतात तो.

“केवढा लांब घिऊ?”

“आखूड, मध्यम, लांब, असे सगळे द्या. मी नंतर बसवते.”

“गाणारी कुठं थांबतीया?”

“कोणी गात नाही, मामा.”

त्यांनी एक घुमारा घेतला, तो अर्ध्यात सोडला. पुन्हा घेतला, तोही सोडला. मग ढोलकी मांडीवरून उतरवून शेजारी ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, एकेक दात उपटून घेतायसा आन वर हसा म्हंतायसा.” मी चहा केला. त्यांनी तो घेतला, पाकीट न मोजता खिशात घातले, अंगठी बोटात चढवली आणि गेले. माझ्या संग्रहात घुमारा नाही तो असा. १९८० साली आलेल्या लिन एलएम-१ या यंत्रात खऱ्या ड्रमचे नमुने पहिल्यांदा भरले गेले, तेव्हा लांब रेंगाळणाऱ्या क्रॅश आणि राइड या झांजा त्यात नव्हत्या, कारण तेवढी मेमरी परवडत नव्हती. माझ्याकडे मेमरीला तोटा नाही.

दोन वर्षांनी गणपतीत मामांचा फोन आला. “ताई, काल मंडळाच्या स्पीकरवर मी वाजत हुतो. आन मी तर घरात कांदा चिरत हुतो.” गाणे माझ्याकडेच झालेले होते. त्यांनी पुड्यांवरून ओळखले की हातावरून, ते सांगितले नाही. कोणी वाजवले, असे विचारले. मी म्हटले, मी. “किती गाण्यांत हाय मी?” मी म्हटले, मोजले नाही. त्यावर ते एवढेच म्हणाले, “तालमीला तरी बोलवायचं.”

तेव्हाची मी या वाक्यावर चिडले होते. तेव्हाची मी म्हणत असे, की तानपुरा विकत घेतल्यावर त्यावर गायलेल्या प्रत्येक गाण्यामागे कोणी मिरजेच्या कारागिराला पैसे पाठवत नाही. आजची मी तिला सांगते, की कारागिराने वाद्य दिले होते आणि मामांनी हात दिला. त्यावर ती विचारते, मग परदेशी कंपनीच्या ड्रम-संग्रहातल्या ड्रमरनेही हातच दिला आहे, त्यालाही एकदाच पैसे मिळाले असतील, त्याच्यासाठी तुझा जीव कधी तुटला? इथे मला उत्तर सुचत नाही. तो तासगावचा नाही, हे काही उत्तर नव्हे. कायद्याचा आधार घ्यावा, तर कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने वादकालाही त्याच्या वादनाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला आहे. पण तालाबाहेरचा एक सुटा ‘ना’ हे वादन ठरते काय? मामांनी त्या दिवशी दिलेले उत्तर पाहिले तर ठरत नाही, आणि फोनवर दिलेले उत्तर पाहिले तर ठरते.

मी त्यांना प्रत्येक गाण्यामागे काही रक्कम देऊ केली. “न वाजिवल्याचं पैसं घ्यायला मी काय पुढारी हाय व्हय?” असे म्हणून त्यांनी ती नाकारली. मग वापरणे थांबवू का, असे विचारले, तर म्हणाले, “थांबवू नगा, बरं वाजतंय.” मी पैसे देऊ केले आणि त्यांनी नको म्हटले, इतक्यावर मी मोकळी झाले असे मला वाटत नाही, आणि मी गुन्हेगार आहे असेही वाटत नाही. तुम्हाला यांपैकी एक ऐकायचे असते, म्हणून मी पंगतीत विषय बदलते.

सध्याचा रिवाज असा आहे. गाण्याला घुमारा हवा असेल, तर मी मामांना बोलावण्याचा खर्च गाणाऱ्याला आधीच सांगते. काही जण तयार होतात आणि मामा येतात. गाणारी समोर उभी असली की ते एका दमात वाजवून जातात. बरेच जण आकडा ऐकून ‘राहू दे, आहे त्यातच भागवा’ म्हणतात. हे म्हणणाऱ्यांत ‘ढोलकी खरी आहे का’ असे मला विचारलेले दोघे आहेत. काही गाण्यांत मुखड्याला मामा प्रत्यक्ष आहेत आणि कडव्यांना संग्रहातले मामा आहेत, कारण त्या दिवशी वीज गेली आणि बैठक अर्धीच झाली. तेव्हा यापुढे विचाराल तर गाणे कोणते आणि त्यातले कडवे कोणते तेही सांगा. मी त्या कडव्यापुरते उत्तर देईन.