पिट्सबर्ग: एका झेलाची जागा आणि न मिटलेला वाद

पिट्सबर्गच्या विमानतळावर दोन पूर्णाकृती पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. पहिला जॉर्ज वॉशिंग्टन यांचा, कारण तरुणपणी ते याच परिसरातील लढायांमध्ये होते. दुसरा पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे खेळाडू फ्रँको हॅरिस यांचा, जे धावता धावता खाली वाकून जमिनीच्या अगदी जवळ आलेला चेंडू उचलत आहेत. हा झेल नियमात बसत होता की नाही, यावर अमेरिकन फुटबॉलचे चाहते २३ डिसेंबर १९७२ पासून वाद घालत आहेत, आणि तो वाद त्याच जागी उभे राहून ऐकावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या जिथे मिळतात आणि ओहायो नदी सुरू होते, त्या टोकाला पिट्सबर्गचे लोक नुसते ‘पॉइंट’ म्हणतात. तिथून फोर्ट ड्यूकेन पुलावरून पायी पलीकडे गेले की नॉर्थ शोअरचा भाग लागतो. या काठावर पूर्वी थ्री रिव्हर्स स्टेडियम होते. २००१ च्या फेब्रुवारीत ते पाडले आणि जवळच नवे मैदान उभे राहिले. जुन्या मैदानाच्या जागी आता रस्ते, इमारती आणि वाहनतळ आहेत. मात्र हॅरिस यांनी ज्या ठिकाणी चेंडू उचलला, ते ठिकाण मोजून काढून तिथल्या पदपथावर स्मारक केले आहे. येणारे-जाणारे तिथे थांबतात, हॅरिस यांच्यासारखे वाकतात आणि छायाचित्र काढून घेतात.

वाद समजण्यासाठी तो प्रसंग नीट सांगायला हवा. पिट्सबर्ग स्टीलर्स हा संघ १९३३ मध्ये स्थापन झाला, पण बाद फेरीतला एकही सामना त्याने तोवर जिंकला नव्हता. त्या दिवशी ओकलंड रेडर्सविरुद्ध तो ६-७ असा मागे होता, २२ सेकंद उरले होते आणि चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न शिल्लक होता. स्टीलर्सचे क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारे खेळाडू, टेरी ब्रॅडशॉ यांनी कसाबसा बचाव करत लांब पास फेकला. चेंडू पोहोचला त्याच क्षणी स्टीलर्सचे ‘फ्रेंची’ फुक्वा आणि रेडर्सचे जॅक टेटम एकमेकांवर आदळले, चेंडू उलट दिशेने कित्येक यार्ड उडाला आणि मागून धावत आलेल्या हॅरिस यांनी तो उचलून थेट टचडाउन केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला. सामना १३-७ असा संपला. संघाचे मालक आर्ट रूनी यांना मात्र हे काहीच दिसले नाही. हरलेल्या खेळाडूंचे सांत्वन करावे म्हणून ते आधीच लिफ्टने खाली निघाले होते.

त्या काळच्या नियमाप्रमाणे पास आधी आक्रमक संघाच्या एका खेळाडूला लागला, तर त्याच संघाच्या दुसऱ्या खेळाडूला तो झेलता येत नसे. मध्ये बचाव करणाऱ्या खेळाडूचा स्पर्श झाला, तरच झेल वैध ठरे. म्हणजे चेंडू फक्त फुक्वा यांना लागला असेल तर सामना तिथेच रेडर्सनी जिंकला, आणि टेटम यांना लागला असेल तर स्टीलर्सनी. डोळ्याचे पाते लवते न लवते एवढ्या वेळात घडलेल्या टकरीवर अख्ख्या हंगामाचा निकाल टांगलेला होता.

मी गेलो तेव्हा स्मारकापाशी पंच्याहत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ स्टीलर्सचे काळे-सोनेरी जाकीट घालून उभे होते, आणि त्यांच्यासमोर रेडर्सची रुपेरी-काळी टोपी घातलेल्या, ओकलंडहून आलेल्या एक बाई होत्या. त्यांची ओळख काही मिनिटांपूर्वीच झाली होती, परंतु बोलणे ऐन रंगात आले होते. गृहस्थांनी आपला हातमोजा काढून टेटम म्हणून पदपथावर ठेवला, दुसरा फुक्वा म्हणून ठेवला आणि स्वतः ब्रॅडशॉ यांच्या जागी जाऊन ते दाखवू लागले. टेटम पास फेकणाऱ्याच्या दिशेने धावत येत होते. फुक्वा मैदान ओलांडत पुढे चालले होते. फुक्वा यांना लागलेला चेंडू पुढेच गेला असता. एवढ्या जोराने मागे उसळायचा तर तो समोरून येणाऱ्या टेटम यांनाच लागायला हवा. कार्नेगी मेलन विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जॉन फेटकोविच यांनीही २००४ मध्ये अशाच युक्तिवादाने हा निष्कर्ष मांडला होता. मला तो पटतो. चित्रफीत अनेकदा पाहिल्यावर आणि त्या जागी हातमोज्यांची ती मांडणी पाहिल्यावर अधिकच पटला.

बाईंनी तो मुद्दा सोडून दिला नाही, पण दुसरीकडे बोट ठेवले. “कोणाला लागला ते बाजूला ठेवा. निर्णय द्यायला एवढा वेळ का लागला? पंच फोनवर कोणाशी बोलत होते?” त्यांचा प्रश्न निराधार नाही. मुख्य पंच फ्रेड स्वेअरिंजन यांनी लगेच टचडाउनची खूण केली नाही. सहकाऱ्यांशी बोलून ते मैदानाच्या कडेला गेले आणि तिथल्या फोनवरून प्रेक्षागारात बसलेल्या, पंचांचे प्रमुख असलेल्या आर्ट मॅक्‌नॅली यांच्याशी बोलले. त्यानंतर मैदानावर परत येऊन त्यांनी टचडाउनची खूण म्हणून दोन्ही हात वर केले. पुनर्चित्रण पाहून निर्णय देण्याची तरतूद हे संघ ज्यात खेळतात त्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये १९८६ पर्यंत नव्हती. त्यामुळे वर कोणी दूरचित्रवाणीवर पाहून खाली सांगितले, असा संशय रेडर्सच्या चाहत्यांनी तेव्हापासून बाळगला आहे. आपण निर्णय सुचवला नाही, असेच मॅक्‌नॅली सांगत राहिले. माझ्या मते निर्णय बरोबर होता, पण तो ज्या रीतीने जाहीर झाला, तिने हरलेल्या संघाच्या मनात कायमची शंका पेरली. पंचांनी योग्य निर्णय देणे जितके आवश्यक आहे, तितकेच तो सर्वांच्या देखत, कारणासह देणेही आवश्यक आहे, आणि त्या दुपारी यातली दुसरी गोष्ट घडली नाही.

गृहस्थांनी मग जे सांगितले, ते मला फार लागले. तेव्हाच्या नियमानुसार घरच्या मैदानावरचे सामने त्या शहराच्या आसपास ७५ मैलांत दूरचित्रवाणीवर दाखवत नसत. पिट्सबर्गमधल्या घराघरांतून हा झेल त्या क्षणी कोणालाच पडद्यावर दिसला नाही. “आम्ही रेडिओला कान लावून बसलो होतो,” ते म्हणाले. “आधी वडील रेडिओ बंद करायला उठले होते. मग निवेदक ओरडायला लागला आणि काय झालं तेच कळेना.” जे शहर या झेलाचे सर्वांत मोठे साक्षीदार म्हणवते, त्यातल्या बहुसंख्य लोकांनी तो आधी ऐकला आणि नंतर पाहिला.

रेडर्सच्या तक्रारी आणखीही आहेत. हॅरिस यांच्या हातात येण्याआधी चेंडू गवताला टेकला, म्हणजे झेल झालाच नाही, असे काहींचे म्हणणे आहे, आणि उपलब्ध चित्रणात तो क्षण निर्विवाद दिसत नाही. फिल व्हिलापियानो हे रेडर्सचे खेळाडू हॅरिस यांच्या मागावर असताना स्टीलर्सच्या जॉन मॅक्‌मेकिन यांनी त्यांना नियमाविरुद्ध मागून अडवले, असेही ते सांगत आले आहेत. बाईंना ही सारी नावे, कोण कोणत्या यार्डावर होता यासकट तोंडपाठ होती. त्यांचा संघ २०२० मध्ये लास व्हेगासला गेला, तरी ओकलंडवर झालेला अन्याय त्यांनी संघाबरोबर जाऊ दिलेला नाही. फुक्वा यांनी आपल्याला चेंडू लागला की नाही हे सांगणे वर्षानुवर्षे टाळले, याचा त्यांना विशेष राग होता.

दुहेरी स्पर्शाचा तो नियम १९७८ मध्ये रद्द झाला. आज तसाच झेल घेतला, तर चेंडू आधी कोणाला लागला हे कोणी विचारणारही नाही. चेंडू जमिनीला टेकला का, एवढेच पाहिले जाईल, कारण २०११ पासून प्रत्येक टचडाउनची तपासणी आपोआप होते. मात्र मैदानावरचा निर्णय फिरवायला चित्रणात ठोस पुरावा लागतो, आणि १९७२ च्या चित्रणात तो नाही. म्हणून आजच्या पद्धतीनेही टचडाउन कायमच राहिले असते, असे मी बाईंना म्हणालो. त्यांनी क्षणभर विचार केला आणि उत्तर दिले, “टचडाउन राहिलं असतं. पण निदान ते कसं राहिलं, हे आम्हाला कोणीतरी समोर येऊन सांगितलं असतं.” यावर गृहस्थांनीही मान डोलावली.

पुढे स्ट्रिप डिस्ट्रिक्टजवळच्या हाइन्झ हिस्टरी सेंटरमध्ये गेलो. तिथल्या क्रीडासंग्रहालयात हॅरिस यांनी त्या दिवशी घातलेले बूट आहेत. हॅरिस २० डिसेंबर २०२२ रोजी, या झेलाला पन्नास वर्षे पूर्ण होण्याच्या तीनच दिवस आधी वारले, आणि २४ डिसेंबरला, पुन्हा रेडर्सविरुद्धच्याच सामन्यात, त्यांचा ३२ हा क्रमांक स्टीलर्सने निवृत्त केला. ज्यांना हा वाद प्रत्यक्ष ऐकायचा असेल, त्यांनी जमल्यास २३ डिसेंबरच्या दुपारी नॉर्थ शोअरला जावे. थंडी कडक असते, म्हणून हातमोजे हवेतच. मध्यवर्ती भागातून नदीखालून जाणाऱ्या रेल्वेला तेवढ्या टप्प्यात तिकीट लागत नाही, आणि उतरल्यावर स्मारक चालत गाठता येते.