झेड ड्राइव्हचे हेलपाटे : घरच्या सर्व्हरची नोंदवही, भाग ३

मागच्या नोंदीपर्यंत सर्व्हर उभा राहिला होता. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आजोळच्या मोडी दप्तराचं स्कॅनिंग चालू आहे. रुमालात बांधलेले कागद, एकूण २४ रुमाल. एक ए-४ पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की साधारण १०४ एमबीची टिफ फाइल होते. ही सगळी पानं एका जुन्या डेस्कटॉपवर जातात. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा (लिनक्सवरच्या फाइली विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) आहे, ८ जीबी रॅम आणि ५४०० आरपीएमच्या दोन डिस्क, एकमेकींच्या आरशात, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती. माझ्या विंडोजवर हीच जागा झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेली आहे. माझ्या विंडोजमधल्या डिस्कपैकी सी म्हणजे एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि डी म्हणजे साटा एसएसडी (तिच्याहून हळू).

या महिन्यात एकच काम केलं: डी आणि झेड यांच्यात फरक नेमका किती पडतो आणि तो कुठे पडतो, हे मोजलं.

पहिला शनिवार

झेडवर पान टाकायला नऊ-दहा सेकंद लागत होते. कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना (पुढचे वेगही सेकंदाचेच). हा आकडा दिसला की डिस्ककडे, सांबाकडे, कशाकडेही न बघता आधी केबल बघा. १०० मेगाबिटच्या लिंकची कमाल १२.५ एमबी, त्यातून हाती ११-१२ पडतात. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसत होताच.

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. भिंतीतून आलेल्या केबलच्या कनेक्टरमध्ये तपकिरी जोडीची एक तार नीट बसलेली नव्हती. त्यामुळे नेट चालत होतं, व्हिडिओ चालत होते आणि कुणाला काही जाणवलं नव्हतं. कनेक्टर कापून नवीन क्रिंप केला आणि तीच फाइल ११२ एमबीने गेली. गिगाबिटची शुद्ध कमाल १२५, पण माहिती ज्या छोट्या पाकिटांतून जाते त्यांचं वेष्टण वजा जाता ११७-११८ उरतात. आयपर्फने (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) ९४१ मेगाबिट दाखवले. म्हणजे तार आता तिच्या हिशेबाने पूर्ण भरून वाहते आहे.

मोजण्यातली चूक

रविवारी ४ जीबीची फाइल घेऊन चाचण्या केल्या आणि डी ड्राइव्हचा वेग सेकंदाला २ जीबीच्या वर आला. साटाची एसएसडी ५५० एमबीच्या आसपास थांबायला हवी. फाइल नुकतीच वाचलेली होती, त्यामुळे ती डिस्कवरून न येता रॅममधून येत होती. सर्व्हरच्या बाजूलाही तेच होतं, लिनक्स मोकळी रॅम फाइलींनीच भरून ठेवतो. मग २० जीबीची फाइल केली, दोन्ही यंत्रांच्या रॅमपेक्षा मोठी, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा मोजलं.

डी ५२० एमबी, झेड ११२. एका जुन्या यूएसबी हार्ड डिस्कवर १२५ आले. म्हणजे मोठ्या फाइलींपुरता झेड हा साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कच्या जवळपास बसतो. १०४ एमबीचं पान सेकंदाच्या आत येतं. मला एवढं पुरेसं आहे.

खरा घोळ

मोठ्या फाइलींवर समाधान मानून मी कॅटलॉगच्या छोट्या प्रतिमा झेडवर टाकायला घेतल्या. १२,००० जेपीजी, प्रत्येकी साधारण २५ केबी, मिळून ३०० एमबी. ११२च्या वेगाने तीन सेकंदांचं काम. लागली ४ मिनिटं २० सेकंद. डी ड्राइव्हवर त्याच फाइली १८ सेकंदांत झाल्या होत्या.

फाइलमागे २२ मिलिसेकंद कुठे गेले? तहसीलमध्ये एका दाखल्यासाठी आधी अर्ज, मग शिक्का, मग सही, मग नक्कल, प्रत्येकासाठी वेगळा हेलपाटा पडतो, तसंच इथे होतं. फाइल उघडायची, माहिती विचारायची, मजकूर लिहायचा, तारीख लावायची, बंद करायची. प्रत्येक विनंती सर्व्हरपर्यंत जाते आणि उत्तर आल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. फाइल २५ केबीची असो की १०४ एमबीची, हे हेलपाटे तेवढेच. माझ्या घरात तारेवरून जाऊन येऊन ०.४ मिलिसेकंद लागतात. फाइलमागे पाच हेलपाटे धरले तर ६०,००० हेलपाट्यांचे २४ सेकंद नुसत्या प्रवासात जातात. बाकीचा वेळ सर्व्हरची डिस्क, एक्सप्लोररच्या जास्तीच्या चौकशा आणि अँटिव्हायरस खातात.

हीच कॉपी वायफायवरून केली. तिथे पिंग, म्हणजे जाऊन येऊन लागणारा वेळ, ४ मिलिसेकंदांच्या आसपास, वर-खाली होणारा. ६०,००० गुणिले ४ म्हणजे २४० सेकंद. प्रत्यक्षात साडेआठ मिनिटं लागली. वायफायचा वेग कागदावर गिगाबिटच्या जवळ होता, पण इथे त्याचा काही उपयोग झाला नाही. बारीक फाइलींचं काम असेल तर पाच मीटर तार टाकाच, हे मी आता कुणालाही ठामपणे सांगेन.

ज्या प्रोटोकॉलवर हे चालतं त्या एसएमबीची जुनी आवृत्ती याबाबतीत फार वाईट होती. २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली, तेव्हा शंभरावर असलेल्या आज्ञा १९ वर आणल्या आणि काही विनंत्या एकत्र बांधून एकाच खेपेत पाठवायची सोय झाली. कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेलने १९९१ च्या अखेरीस सांबाचं काम सुरू केलं, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. एखाद्या जुन्या स्कॅनरसाठी तुम्ही अजून पहिली आवृत्ती चालू ठेवली असेल तर ती बंद करा. सुरक्षेच्या दृष्टीने तर ती धोक्याचीच आहे.

रुमाल वेगळे केले

कॉपी चालू असताना वेळ लिहून ठेवत होतो, म्हणून एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या ३,००० फाइलींना ४० सेकंद लागले, शेवटच्या ३,००० ना ९५. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये चालल्या होत्या आणि फोल्डर भरत गेला तसतशी गती मंदावत होती.

याचं कारण समजायला एक संध्याकाळ गेली, पण ती सत्कारणी लागली. फाइलीच्या नावातली इंग्रजी लहान-मोठी अक्षरं विंडोजला एकच, लिनक्सला वेगळी. नवीन नावाची फाइल आली की तेच नाव लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने आधीपासून तर नाही ना, हे बघायला सांबा अख्ख्या फोल्डरची यादी चाळतो. फोल्डरमध्ये १०,००० नावं असतील तर प्रत्येक नव्या फाइलीमागे १०,००० नावं. सांबात ‘केस सेन्सिटिव्ह’ हा पर्याय ‘येस’ केला की हे चाळणं थांबतं, पण मग सगळी नावं एकाच प्रकारच्या अक्षरांत ठेवण्याची शिस्त पाळावी लागते. मी सोपा मार्ग घेतला: रुमालागणिक एक फोल्डर. ४ मिनिटं २० सेकंदांचं काम २ मिनिटं ५० सेकंदांवर आलं. दप्तर बांधणाऱ्यांनी कागद रुमालांत वाटले होते, मी तेवढंच पाळायला हवं होतं.

त्यानंतर एक्सप्लोरर सोडून रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची आज्ञा) वापरली, १६ धाग्यांवर, म्हणजे एकाच वेळी १६ फाइली. वेळ ३५ सेकंद. हेलपाटे कमी झाले नाहीत, पण १६ जण एकाच वेळी हेलपाटे घालायला लागले. सगळ्या प्रतिमांची एक झिप करून पाठवली तर तीन सेकंद, अगदी हिशेबाप्रमाणे. जुने रुमाल मी आता झिप करूनच ठेवणार आहे.

मामांचा प्रश्न

मामा सुट्टीत आले होते. कॅटलॉग उघडून दिला तर म्हणाले, “अरे, कागद पटकन येतो, मग यादी यायला एवढा वेळ का रे?” त्यांचं निरीक्षण अचूक होतं. कॅटलॉगसाठी वापरतो त्या डिजीकॅम प्रोग्रॅमचा डेटाबेस मी झेडवरच ठेवला होता. हा डेटाबेस एसक्यूलाइटचा, आणि तो एकाच फाइलीत बारीक बारीक वाचनं, लिहिणं आणि कुलपं लावणं-काढणं करत राहतो. म्हणजे निव्वळ हेलपाटे. शिवाय नेटवर्कवरच्या कुलपांवर विसंबू नका, असं एसक्यूलाइट करणारेच सांगतात. दोन यंत्रांनी एकदम लिहिलं तर डेटाबेस खराब होण्याची भीती असते. “मामा, तुम्ही बरोबर पकडलंत,” म्हटलं आणि त्याच दुपारी डेटाबेस आणि थंबनेल सी ड्राइव्हवर आणले. यादी आता लगेच येते. पानं झेडवर आहेत आणि डेटाबेसची प्रत रोज रात्री, डिजीकॅम बंद असताना, सर्व्हरवर जाते.

ड्राइव्हचं अक्षर न वापरता थेट सर्व्हरचा पत्ता दिला तर वेग वाढतो का, हेही पाहिलं. नाही वाढत. झेड हे त्याच पत्त्याचं टोपणनाव आहे.

२.५ गिगाबिटची कार्डं आणि स्विच घ्यायचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. माझ्या डिस्क स्वतःच १५० एमबीच्या पुढे फारशा जात नाहीत, आणि हेलपाट्यांचा वेळ त्याने जवळजवळ तेवढाच राहील. त्यापेक्षा चालू रुमालासाठी सर्व्हरमध्ये एक छोटी एसएसडी घालतो. १५ व्या रुमालाचं स्कॅनिंग सोमवारी सुरू होतंय. तो आधी एसएसडीवर आणि काम संपलं की आरशातल्या डिस्कवर, असं करून बघतो. आकडे पुढच्या नोंदीत.