वसतिगृहाचं छत आणि ३१ मार्च

नोंदणीकृत पदवीधरांतून विद्यापीठाच्या अधिसभेची, म्हणजे सिनेटची, निवडणूक लढवली तेव्हा आमच्या प्रचारात एक वाक्य हमखास असायचं: विद्यापीठाच्या ठेवी बँकेत पडून आहेत आणि मुलींच्या वसतिगृहात पावसाळ्यात बादल्या लावाव्या लागतात. टाळ्या मिळायच्या. ठेवीतला पैसा त्या छतापर्यंत पोचायला मधे काय काय पार करावं लागतं, ते व्यवस्थापन परिषदेवर गेल्यावर जवळून पाहिलं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. कुठल्याही विद्यापीठात थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६चा, लागू झाला १ मार्च २०१७ पासून. अधिसभेवर पदवीधरांचे १० प्रतिनिधी, आणि त्यांतले दोघे व्यवस्थापन परिषदेत. परिषदेचे अध्यक्ष कुलगुरू. विद्यापीठाची मालमत्ता सांभाळणं, करार करणं, पैसे गुंतवणं हे सगळं परिषदेच्या अखत्यारीत. जमीन मात्र तिला परस्पर विकता येत नाही, शासनाची आधी परवानगी लागते. माझ्या काळात रस्तारुंदीकरणासाठी आवाराची एक पट्टी मागणारं पत्र आलं होतं. त्यावर तासभर जोरदार चर्चा झाली आणि शेवटी ‘शासनाकडे प्रस्ताव पाठवावा’ एवढंच लिहून पुढच्या विषयाला लागलो. त्याहून जास्त आमच्या हातात नव्हतंच.

मी व्यवसायाने कर सल्लागार, त्यामुळे पहिल्या बैठकीआधीच ताळेबंदाची परिशिष्टं उघडली. ठेवींचा आकडा डोळे दिपवणारा. पण त्यात विद्यार्थ्यांची अनामत होती, ती परत द्यायची. संशोधन प्रकल्पांचं अनुदान होतं, ते खर्च झालं नाही तर व्याजासकट परत जाणार. देणगीदारांचे निधी होते, त्यांच्या नुसत्या व्याजावर पदकं आणि शिष्यवृत्त्या चालतात, मुद्दलाला हात लावायचा नाही. देणगीला हेतू चिकटलेला असतो, ही जुनीच रीत. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दोन लाख ग्रंथालयासाठी दिले आणि दोन लाख मनोऱ्यासाठी. आईचं नाव दिलेला तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्या पैशातून दुसरंच काही बांधायचं कुणाच्या मनात आलं असतं तरी जमलं नसतं. ही सगळी वजावट केल्यावर जे उरलं ते बांधकामाला मोकळं. तेही कमी नव्हतं.

मग छत का गळत होतं? उत्तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकातच सापडलं, फक्त चुकीचा रकाना वाचायची सवय मोडावी लागते. आपण सगळे ‘पुढील वर्षाची तरतूद’ बघतो. ‘वसतिगृह दुरुस्ती’ या शीर्षासमोर तरतूद दरवर्षी भरघोस होती. शेजारचा ‘मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च’ बघितला, तर किरकोळ. जुनी पुस्तकं मागवली, तिथेही तेच. पैसे मंजूर होत होते आणि ३१ मार्चला, आर्थिक वर्ष संपताच, व्यपगत होत होते, म्हणजे न वापरता रद्द.

कारण सांगायला कुणी लपवाछपवी केली नाही, उलट बांधकाम शाखेतल्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मार्चमध्ये अधिसभा अर्थसंकल्प मंजूर करते, ती ठोक तरतूद असते. एप्रिल-मेमध्ये प्रस्ताव फिरतो. जून ते सप्टेंबर पाऊस. मग एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, इमारत समिती, वित्त व लेखा समिती, परिषदेची प्रशासकीय मान्यता, ई-निविदा. कार्यारंभ आदेश निघेपर्यंत फेब्रुवारी. ठेकेदार गच्चीवर चढेपर्यंत वर्ष संपलेलं.

एका ज्येष्ठ सदस्यांनी चहाच्या वेळी मला बाजूला घेतलं. “मॅडम, एवढं कशाला? माझा माणूस निम्म्यात करून देतो, तुकडे पाडून कोटेशनवर घ्या.” निविदा टाळायला कामाचे तुकडे पाडणं हाच लेखापरीक्षकाचा आवडता आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. समित्यांची ही उतरंड त्रासदायक असली तरी ती काढून टाकावी असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की एस्टिमेट आधी करा, तरतूद नंतर मागा.

म्हणून त्या वर्षी भर पावसात कनिष्ठ अभियंत्याला गच्चीवर न्यायचा आग्रह धरला आणि मीही गेले. विटांच्या तुकड्यांच्या जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर कधीतरी डांबरी मेंब्रेन चिकटवलं होतं, ते कडेने सुटलं होतं. पाइपाच्या तोंडाशी पिंपळाचं रोप. अभियंता हातोडीने कोबा ठोकत चालला होता. जिथे पोकळ आवाज येई तिथे ऑइल पेंटने गोल करी. खडू त्या ओल्यात टिकला नसता. कठड्याच्या बुडाशी सिमेंटची गोलाई फुटलेली दाखवून तो म्हणाला, “पाणी इथून जातं, आणि दरवेळी रंग खाली खोलीतल्या छताला देतात.” बांधकाम विभागाची दरसूची, १८ टक्के जीएसटी, १ टक्का कामगार उपकर धरून एस्टिमेट दिवाळीआधी तयार झालं. इमारत समिती आणि वित्त समिती हिवाळ्यातच उरकली. मार्चमध्ये अधिसभेसमोर ठोक रक्कम न जाता या एका कामाचा नेमका आकडा गेला. त्यावर कपात सूचनाही, म्हणजे रक्कम कमी करा अशी सूचना, आली, पण ती मागे घेतली गेली.

एप्रिलच्या सुरुवातीला निविदा लागली. पहिल्या खेपेला प्रतिसाद अपुरा, फेरनिविदा. दुसऱ्यांदा सर्वांत कमी दरवाला एस्टिमेटच्या इतका खाली गेला की त्याच्याकडून दरपृथक्करण, म्हणजे दर कसा परवडतो याचा हिशेब, आणि जादा अनामत घ्यावी लागली. यात मे गेला. पावसाआधी निम्मी गच्ची झाली, उरलेल्या भागावर निळं प्लास्टिक ताणून तो पावसाळा काढला. वरच्या मजल्यावरच्या मुलींनी मला त्याबद्दल चांगलंच सुनावलं. दिवाळीनंतर काम पुरं झालं, गळती तपासायला दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या आणि अंतिम देयक त्याच आर्थिक वर्षात निघालं. दोषदायित्वाची, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची, मुदत संपेपर्यंत त्याची सुरक्षा ठेव विद्यापीठाकडेच आहे.

मग मी ठराव मांडला: नकाशा आणि एस्टिमेट जोडलेलं नसेल त्या बांधकामाला अर्थसंकल्पात तरतूद नको, तातडीच्या दुरुस्तीसाठी तेवढी वेगळी रक्कम असावी. विरोध फारसा झाला नाही. वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी मात्र एक व्यवहारी प्रश्न विचारला: सगळ्या इमारतींची एस्टिमेटं पावसाळ्यात करायची, तर करणार कोण? शाखेत अभियंत्यांच्या निम्म्या जागा रिक्त. ठराव मंजूर झाला, अंमल पुढच्या अर्थसंकल्पापासून. तोवर कंत्राटी अभियंते घ्यायचे की बाहेरचा सल्लागार नेमायचा, हा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावलाय. सल्लागाराच्या शुल्काचा खर्च अर्थसंकल्पातल्या कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा, हे अजून ठरायचंय.