आईचा नंबर पोर्ट केला, माझा अनुभव

आमच्या गावाकडे आईच्या कंपनीची रेंज पार गेली होती, फोन लावला की नॉट रिचेबल, आणि बँक, गॅस, आधार सगळं त्याच नंबरला जोडलेलं म्हणून नंबर बदलायचा प्रश्नच नव्हता. मग पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, तरी गावात अजून कितीतरी जणांना वाटतं की कंपनी सोडली की नंबर जातो.

इंग्रजीत PORT लिहून स्पेस देऊन आपला नंबर लिहायचा आणि तो मेसेज १९०० वर पाठवायचा, एवढंच. पण मेसेजच जाईना, कारण तिच्या छोट्या प्लॅनमध्ये एसएमएस नव्हते. दुकानदार म्हणाला मोठा रिचार्ज मारा मग जाईल. हे साफ चूक आहे! कुठलाही प्लॅन असो, पोर्टिंगचा मेसेज जाऊ द्यायचा असं ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२१ मध्येच सगळ्या कंपन्यांना बजावलंय. कस्टमर केअरला हेच ठणकावून सांगितलं, तक्रार नंबर मागून लिहून घेतला, आणि मग मेसेज गेला. रिचार्ज मारला नाही.

नवीन कंपनीला द्यायचा आठ अक्षरी कोड आला, तो आपल्याकडे ४ दिवसच चालतो म्हणून लगेच तालुक्याला तिच्या दुकानात गेलो. तिथे आईचा अंगठाच उमटेना, शेतात काम करून बोटं घासलेली, पोरगा मशीन पुसून पुसून परत लावायला सांगत होता आणि ती ओशाळून हात पदराला पुसत होती, मला फार वाईट वाटलं. शेवटी आधारचा आणि तिचा समोर बसवून फोटो काढून अर्ज भरला, असंही चालतं हे माहीत असू द्या.

मधल्या काळात जुन्या कंपनीचे फोन, मावशी जाऊ नका, स्वस्त प्लॅन देतो. इतकी वर्षं कुठे होता? २०१९ च्या नियमाप्रमाणे सर्कलमधल्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल सेवेच्या एकाच विभागात, पोर्टिंग ३ कामाच्या दिवसांत व्हायला हवं, तसं झालं. जुना बॅलन्स मात्र नवीन कंपनीत येत नाही, तो आधी संपवा. आणि एकदा पोर्ट केलं की ९० दिवस परत हलता येत नाही, तेव्हा आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फोनवर रेंज बघून मगच कंपनी ठरवा.

आता आईचा फोन घरात लागतो. वरच्या वाडीत मात्र एकाच कंपनीचा टॉवर आहे, तिथल्या लोकांनी कोड मागवून जायचं कुठे? तिथे दुसरा टॉवर यायलाच हवा.