दोन स्पायडरमॅन आणि जळालेली मोटार

परवा आमच्या सामाईक विहिरीवरची मोटार जळाली. पाच एचपीची, वाइंडिंगचा पार कोळसा. भरायचे पैसे थोरल्या पातीनं द्यायचे की धाकट्या, यावर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा. तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या पुतण्यानं एक चित्र टाकलं. दोन स्पायडरमॅन समोरासमोर उभे, एकमेकांकडं बोट करून. मागं पोलिसांची गाडी. एकाच्या डोक्यावर लिहिलंय ‘थोरली पाती’, दुसऱ्याच्या ‘धाकटी पाती’.

सगळ्यांनी हसून घेतलं. मी तेवढा त्या चित्राकडं बघत बसलो. पोरांच्या लेखी तो मीम आहे. मी तो भाग टीव्हीवर बघितलेला आहे, आणि तो मला आबानं समजावून सांगितला होता.

आमचं गाव केज तालुक्यातलं. गल्लीत टीव्ही एकच, मास्तरांच्या घरी. लाकडी खोक्याचा, पुढं सरकतं शटर, ब्लॅक अँड व्हाईट. अँटेना अंबाजोगाईच्या टॉवरकडं तोंड करून बसवलेला, आणि त्यावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या. रविवारी स्पायडरमॅन लागायचा. इंग्रजीत. समोर सतरंजीवर आम्ही वीसेक लेकरं, मागं भिंतीला टेकून मास्तरांची आई, आणि मधोमध आबा, माझा थोरला चुलतभाऊ. तो दहावीला इंग्रजीत दोनदा गेलेला. तरी भाषांतराचं खातं त्याच्याकडंच, कारण मास्तर स्वतः त्या वेळी झोपलेले असायचे.

आबाच्या स्पायडरमॅनमधली माणसं अशी: पेपरचा तो मिशीवाला संपादक जेमसन म्हणजे तहसीलदार. पीटर पार्कर, म्हणजे मुखवटा काढलेला स्पायडरमॅन, हा तहसीलमधला रोजंदारीवरचा पोरगा, ज्याचा पगार कायम थकलेला. बाकी जो कुणी खलनायक येईल तो सावकार. गोष्ट कुठलीही असो, एवढ्यात भागायचं.

त्या दोन स्पायडरमॅनच्या भागाला मात्र हे पुरेना. कुणीतरी विचारलं, “आबा, ह्ये दोन कसे काय झाले?” आबा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आरं, एक बहुरूपी हाय. सुगीला आलाय. ह्येचं सोंग घेऊन ज्वारी मागत फिरायलाय.”

आम्हाला लगेच पटलं. बहुरूपी आम्हाला माहीत होता की! खळी झाली, ज्वारी घरात आली की तो हजर. खाकी कपडे, पुठ्ठ्याचा बिल्ला, बगलेत जाडजूड वही. दारात उभा राहून बापाच्या नावानं वारंट वाचायचा. एकदा त्यानं माझंच नाव घेतलं तेव्हा मी कणगीमागं जाऊन बसलो, आणि आई हसत हसत सुपात ज्वारी घेऊन बाहेर गेली. बेड्या नाहीत, काही नाही. फौजदाराला सूपभर ज्वारी देऊन आई परत आली हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

तर हे डोक्यात ठेवून पुढची पस्तीस वर्षं मी आबाला थापाड्या समजत आलो. अमेरिकेत कुठली सुगी आणि कुठली ज्वारी! हायस्कूलला गेल्यावर तर त्याला तोंडावर म्हणालोही होतो, “काहीही सांगायचास तू आम्हाला.” तो नुसता हसला होता.

त्या मीमनंतर लातूरला घरी मुलीच्या मोबाइलवर तो भाग शोधला. नाव ‘डबल आयडेंटिटी’. मालिका १९६७ ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झालेली, १९७० पर्यंत चाललेली, एकूण ५२ भाग. म्हणजे आमच्या सतरंजीपर्यंत यायच्या आधीच ती जुनी झाली होती. रंगात पहिल्यांदाच बघितली. लाल-निळा झगझगीत पोशाख, मागं जांभळं-हिरवं आभाळ. खरं सांगू का, मला मास्तरांचा करडा स्पायडरमॅनच बरा वाटला.

मुलीनं मधेच पॉज केलं. “पप्पा, याच्या छातीवरच्या कोळ्याला सहाच पाय आहेत.” मोजले. खरंच सहा. वर सगळ्या अंगावर जाळी नाही, फक्त तोंडावर, हातमोज्यांवर, बुटांवर आणि पट्ट्याशी. बाकी अंग सपाट रंगवलेलं. एकेक चित्र हातानं काढायचं म्हटल्यावर जेवढ्या रेघा वाचतील तेवढा पैसा वाचणार. झोका घेत जायची दृश्यं तर तीच तीच, पुन्हा पुन्हा. आणि ते सूत! सरळ आभाळात जातं. मास्तरांच्या आईनं तेव्हाच विचारलं होतं, “वर कशाला बांधलंय रं त्येनं?” आबाकडंही त्याचं उत्तर नव्हतं. मालिका काढणाऱ्यांकडंही नसणार.

मला इंग्रजी वाचता येतं, पण त्यांचं बोलणं भराभर कानावरून जातं. म्हणून मुलगी सांगत होती. “हा चार्ल्स कॅमिओ. नाटकातला नट आहे. वेगवेगळ्या माणसांची सोंगं घेतो आणि भारी भारी वस्तू चोरतो. आता स्पायडरमॅन झालाय.”

मी म्हणालो, “म्हणजे बहुरूपी?”

“हां, तसंच काहीतरी.”

मी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि तो तुकडा परत लावला. आबाला एक अक्षर कळत नव्हतं. मग कशावरून सांगितलं? मला वाटतं, आवाजावरून. पॉल सोल्स नावाच्या कॅनडाच्या नटानं त्यात पीटर आणि स्पायडरमॅन दोघांचा आवाज दिलाय, आणि मुखवटा चढला की तो आवाज चांगला जाड करतो. हे आबानं तेव्हाच हेरलं होतं. “घरात बारीक बोलतो, काम करताना जाड,” असं तो म्हणायचा, आणि आमच्या एका चुलत्याचं नाव घ्यायचा. सोंग ओळखायला इंग्रजी लागत नसावं. की नुसतं खडा मारला अन् लागला? त्या मिशीवाल्याला तहसीलदार करणाऱ्याबद्दल फार छातीठोक बोलायला नको.

रात्री आबाला फोन लावला. आता साठीकडं आलाय, गावातच असतो. मोटारीवरून आमचं बोलणं जरा तुटलं होतं, त्यामुळं पहिली दोन मिनिटं पाऊस, सोयाबीनचा भाव, गुडघा. मग म्हणालो, “आबा, तो दोन स्पायडरमॅनवाला भाग आज बघितला. तू बरोबर सांगितलं होतंस. तो दुसरा बहुरूपीच हाय.”

“मंग? मी काय खोटं सांगायलो होतो व्हय?”

“मी तुला थापाड्या म्हणालो होतो.”

“व्हय, म्हणाला होतास.” थोडा वेळ गेला. मागं म्हशीच्या साखळीचा आवाज. “मंग शेवटी ज्वारी दिली का न्हाई त्येला?”

“नाही. धरला त्याला.”

“बहुरूप्याला धरला?” आबा खरोखर नाराज झाला. “आन् रिकाम्या हातानं पाठवला? त्ये लोक काही खरे न्हाईत, बघ.”

मोटारीचं अजून कुणीच काही बोललेलं नाही.