शून्य अंश आणि 'रेसिमिक'

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहायला सांगितल्यावर विषय शोधावा लागला नाही. आपल्या शाळेत बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी 'रेसिमिक' हा शब्द ज्या निगुतीनं शिकवला, त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं राहिलं. आज औषधांच्या शुद्धतेची तपासणी करताना तो रोज लागतो.

पुस्तकातली व्याख्या एका ओळीची. एखाद्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असले की रेणूच्या दोन घडणी संभवतात. डाव्या-उजव्या पंजांसारखी त्या एकमेकींची आरशातली प्रतिबिंबं असतात, पण एकीवर दुसरी तंतोतंत बसत नाही. अशा रेणूला कायरल म्हणतात. एक घडण ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल उजवीकडे वळवते, दुसरी तेवढंच डावीकडे. दोन्ही निम्म्या-निम्म्या असल्या तर पदार्थ रेसिमिक, आणि हे वळण मोजणाऱ्या पोलरिमीटरवर शून्य अंश. वर्ग इथे वही मिटायच्या बेतात असायचा आणि सर विचारायचे, शून्य आलं म्हणून पदार्थ रेसिमिक ठरला का?

नाही ठरत. मुळात कायरल नसलेला पदार्थही शून्यच दाखवतो. मेसो-टार्टारिक आम्लही शून्य दाखवतं, कारण तिथे एकाच रेणूचे दोन अर्धे भाग परस्परांचं प्रतिबिंब असतात; त्यातून डावं-उजवं वेगळं काढताच येत नाही. रेसिमिक टार्टारिक आम्लातून मात्र ते काढता येतं. शून्य हे फक्त निरीक्षण झालं. 'रेसिमिक' म्हणताना आपण पदार्थात काय आहे ते सांगत असतो, आणि ते वेगळं सिद्ध करावं लागतं.

ते सिद्ध केलं लुई पाश्चरनं, १८४८ साली, वयाच्या पंचविशीत. द्राक्षांच्या मद्यनिर्मितीतून मिळणाऱ्या, टार्टारिक आम्लाच्याच एका रूपाला 'रेसिमिक आम्ल' म्हणत. लॅटिनमध्ये 'रेसिमस' म्हणजे द्राक्षांचा घड. त्याच्या सोडियम अमोनियम क्षाराच्या स्फटिकांत पाश्चरला दोन तऱ्हा दिसल्या. त्या त्यानं हातानं निवडून वेगळ्या केल्या. एकीचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसरीचं डावीकडे. वयोवृद्ध फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बियोनं तो प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करायला लावला, मगच मान्य केला. सर हे सांगताना रंगून जात. त्यात नशीबही होतं, कारण साधारण २७ अंश सेल्सिअसच्या वर हा क्षार असा वेगळा स्फटिकत नाही. बहुतेक रेसिमिक पदार्थांत तर डावे-उजवे रेणू एकाच स्फटिकात गुंफलेले असतात. जुन्या ग्रंथांत 'रेसिमिक मिश्रण' ही संज्ञा फक्त वेगवेगळ्या स्फटिकांच्या मिसळीसाठी येते, तर पाठ्यपुस्तकांत सरसकट सगळ्यांसाठी. म्हणून निम्म्या-निम्म्या घडणींच्या कुठल्याही पदार्थाला सर 'रेसिमेट' म्हणणं पसंत करत. मीही तेच म्हणतो.

औषधांच्या बाबतीत हा नेमकेपणा फार मोलाचा आहे. थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं आणि गर्भवतींनी घेतल्यावर बाळांत जन्मजात व्यंगं दिसल्यानं १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. ते रेसिमिक होतं, एकच घडण दिली असती तर अनर्थ टळला असता, असं अजूनही ठामपणे सांगितलं जातं. मला ते पटत नाही. शरीरात त्याच्या दोन्ही घडणी एकमेकींत बदलत राहतात. शुद्ध दिलेली घडण शुद्ध राहत नाही. आयबुप्रोफेनचं वेगळं आहे. ते बहुधा रेसिमिकच विकलं जातं, त्यातल्या दोन घडणींना एस आणि आर म्हणतात; एस घडण वेदना कमी करते, आणि आर घडणीचा बराचसा भाग शरीर स्वतःच एसमध्ये बदलतं. उलट दिशेनं हा बदल जवळजवळ होत नाही.

शुद्ध घडण हळूहळू दोन्हींत वाटली जाणं म्हणजे रेसिमीकरण. आपल्या दातांतही ते चालू असतं: प्रथिनांतलं एल-आस्पार्टिक आम्ल वयाबरोबर थोडं थोडं डी रूपात, म्हणजे त्याच्या आरशातल्या प्रतिबिंबात, जातं, आणि त्या प्रमाणावरून न्यायवैद्यक तज्ज्ञ वयाचा अंदाज बांधतात. पण वृद्ध माणसाच्या दातातही एल रूपच कितीतरी जास्त असतं. त्या आम्लाचं रेसिमीकरण सुरू आहे असं म्हणावं. त्याला रेसिमिक म्हणता येणार नाही.